स्वस्ताईचं कौतुक

गावाकडच्या आठवणींची जी पुस्तकं आपल्याकडं निघतात, त्यांत एक पान ठरलेलं असतं. काळ साधारण १९६५ ते १९७० चा. चार आण्यात तंबूतला सिनेमा, दहा पैशांत कपभर चहा, रुपायाला किलोभर जोंधळा आणि वर सुट्टे परत. मग चावडीवरचा रेडिओ, जत्रेतला तमाशा, चंद्रावर गेलेला माणूस. आणि शेवटी एक सुस्कारा, ‘काय ते दिवस होते!’ लग्नाकार्यात, एस.टी.त, दहाव्याच्या घाटावरसुद्धा हे पान तोंडी वाचून दाखवणारे भेटतात. समोरचा तरुण पोरगा मोबाईलवरचं डोकं वर काढून म्हणतो, ‘‘काय सांगता काका, एवढं स्वस्त?’’ आणि काकांची छाती दोन इंच फुगते.

मी ते दिवस बघितले आहेत. कृष्णाकाठच्या एका मध्यम गावात, चौदा-पंधरा वर्षांचा होतो. म्हणून या पानाबद्दल चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे असं वाटतं. माझं भांडण त्या आकड्यांशी नाही. आकडे बहुतेक खरे असतात, पाचदहा पैसे इकडंतिकडं. भांडण आहे ते आकडे अर्धेच सांगण्याशी. वस्तूचा भाव सांगायचा आणि तो भाव देणाऱ्याच्या हातात दिवसाकाठी काय पडत होतं ते सांगायचं नाही, ही तागडीच्या एकाच पारड्यात माल टाकून वजन सांगण्याची तऱ्हा झाली.

दुसरं पारडं मी मांडून बघतो. १९६८-६९ च्या सुमाराला आमच्याकडं भांगलणीला जाणाऱ्या बाईला सव्वा रुपाया रोज मिळे. गडीमाणसाला दोन रुपये, जड काम असेल तर अडीच. जोंधळा ऐंशी पैसे किलो धरा. म्हणजे बाई दिवसभर उन्हात वाकून राहिली की दीड किलो जोंधळा झाला. घरात सहा माणसं असली तर दोन वेळच्या भाकरीला तीन किलो पीठ सहज लागायचं. म्हणजे नवरा-बायको दोघं कामाला गेली तर भाकरी निघे आणि वर किलोभर जोंधळ्याचे पैसे उरत. त्यात मीठ, मिरची, रॉकेल, काडेपेटी, पोराची पाटी-पेन्सिल. आणि हे काम मिळालं त्या दिवसाचं. चैत्र-वैशाखात हातांना काम नसे तेव्हाचा हिशेब सावकाराच्या वहीत असायचा.

आज त्याच शिवारात भांगलणीला बाईला तीनशे रुपये मिळतात आणि जोंधळा चाळीस रुपये किलो आहे. साडेसात किलो झाला. तेव्हाच्या पाचपट. गोडं तेल तेव्हा चार रुपये किलो होतं म्हणून लोक डोळे मोठे करतात, पण ते चार रुपये म्हणजे बाईचा तीन दिवसांचा घाम. म्हणून तर कालवणात तेल थेंबानं पडायचं. आज किलोभर तेलाला बाईचा अर्धा दिवस जातो. मग स्वस्ताई तेव्हा होती की आता आहे?

हिशेब एकाच बाजूला झुकतो असंही नाही, आणि ते झाकून ठेवणं बरं नाही. सोनं १९६७ साली दहा ग्रॅमला शंभराच्या जरा वर होतं, १९७० पर्यंत एकशे ऐंशीच्या पुढं गेलं. म्हणजे तेव्हाचा गडी ऐंशी-नव्वद दिवस राबला तर दहा ग्रॅम सोन्याएवढे पैसे होत. अर्थात पोटाला काही न खाता. आज त्याच्या नातवाला त्याहून कितीतरी जास्त दिवस घालावे लागतात. जमिनीचंही तसंच. आणि पोस्टकार्ड बघा. १९६८ साली ते सहा पैशांचं दहा पैसे झालं तेव्हा आमच्या गावात हळहळ झाली होती. बाईच्या रोजातला बारावा हिस्सा एका कार्डाला. मुंबईला गिरणीत असलेल्या पोराला पत्र घालायचं तर म्हातारी दोनदा विचार करायची. आज कार्ड पन्नास पैशांचं आहे, म्हणजे फुकटच, आणि लिहिणारा कुणी राहिला नाही. असा एकेका वस्तूचा वेगळा हिशेब मांडला तर काळ कळतो. ‘सगळं स्वस्त होतं’ म्हटलं की काहीच कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. स्वस्त कुणाला? भाव हा विकत घेणाऱ्याचा असतो तसा विकणाऱ्याचाही असतो, हे ग्रामीण आठवणी लिहिणाऱ्यानं तरी विसरू नये. आमच्या घरात जोंधळा विकत येत नव्हता, विकला जात होता. त्यामुळं ‘जोंधळा ऐंशी पैसे’ या शब्दांवर शहरातला माणूस हसतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं वडलांचा चेहरा येतो. त्या वर्षांत लेव्ही होती. सरकारनं ठरवलेल्या भावानं ठरवलेलं धान्य द्यायचं, ते खळ्यावरनं मोजून जायचं. बाजारात चढा भाव असला तरी हात बांधलेले. शहरातल्या रेशनकार्डावर जे स्वस्त मिळालं, त्यातला काही भाग आमच्या खळ्यावरनं उचलला गेला होता. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. देशात खायलाच नव्हतं. १९६४-६५ साली देशात ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकलं, पुढच्या वर्षी पाऊस गेला आणि ते ७ कोटी २० लाखांवर आलं. १९६६ साली एक कोटी टनांहून जास्त धान्य परदेशातून आणावं लागलं. ज्या वर्षांच्या स्वस्ताईचे आपण गोडवे गातो ती ही वर्षं आहेत. शास्त्रीजींनी सोमवारी रात्री एक जेवण सोडा असं आवाहन केलं होतं. आमच्याकडं काही घरांत तो सोमवार आठवड्यातनं तीनदा यायचा आणि त्याला कुणाच्या आवाहनाची गरज नव्हती.

अमेरिकेतून गव्हाबरोबर तांबडा जोंधळा आला. त्याला लोक मिलो म्हणत. भाकरी थापली की चिरा पडत, तव्यावर उलटताना तुकडे होत. आमच्या शेजारची आत्ती म्हणायची, ‘‘भाकरी न्हवं बाई, रांगुळी हाय ही.’’ पण त्या मिलोसाठी सुद्धा रेशनच्या दुकानापुढं पोती अंथरून माणसं बसत. मग हायब्रीड आलं. सी.एस.एच.-१ हा संकरित जोंधळा १९६४ साली निघाला आणि दोनचार वर्षांत आमच्या शिवारात शिरला. उतारा बघून वडील गप्प झाले, भाकरी खाऊन आजी गप्प झाली. चवीला तो मालदांडीच्या पासंगाला पुरत नव्हता, पण पोट भरत होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आठवणींच्या पानावर मात्र फक्त आजीची तक्रार येते, ‘हायब्रीडनं चव गेली.’ ज्यांच्या घरी त्या हायब्रीडनं पहिल्यांदा वर्षभराची कणगी भरली, त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत एवढाच फरक.

साखरेचं बघा. आमच्या जिल्ह्यात ऊस, सहकारी साखर कारखाना, आणि घराघरात चहा गुळाचा. १९६७-६८ पासून साखरेचे दोन भाव झाले. साठ टक्के साखर लेव्हीची, रेशनवर मिळणारी, आणि चाळीस टक्के खुल्या बाजारातली, कितीतरी महाग. लग्न निघालं की साखरेच्या परमिटसाठी तहसील कचेरीत हेलपाटे. ऊस पिकवणाऱ्यानं पोरीच्या लग्नाला साखर मिळावी म्हणून अर्ज करायचा, ही त्या काळाची खरी गंमत आहे. आठवणींचा लेखक सांगतो तो साखरेचा भाव कुठला? रेशनचा. खुल्या बाजारातला तो सांगत नाही, कारण तो सांगितला की सुस्काऱ्याची मजा जाते.

आणि गावातली निम्मी माणसं तर या भावांच्या बाहेरच होती. लोहार, सुतार, न्हावी, परीट यांना बलुतं मिळे, खळ्यावर सुपानं. ते सूप कुणाच्या हातानं भरायचं त्यावर त्याचं वर्ष ठरायचं. दशमान नाणी १९५७ साली आली, किलोही त्यापाठोपाठ आले, पण आमच्या बाजारात १९६८ सालीही पायली, शेर, चार आणे, बारा आणे असंच चाले. आण्याचे सहा पैसे आणि चार आण्याचे पंचवीस, मग मधला एक पैसा कुणाचा? दुकानदाराचा. असा एकेक पैसा करून अडाणी गिऱ्हाइकाचं किती गेलं त्याची कुठं नोंद नाही. त्यात जून १९६६ मध्ये रुपायाची किंमत सरकारनं उतरवली. पावणेपाच रुपायाचा डॉलर साडेसात रुपायाला झाला. डॉलर आमच्यात कुणी बघितला नव्हता. पण त्यानंतर दुकानदाराला कशाचाही भाव वाढवायला एक शब्द मिळाला. काही विचारलं की तो म्हणायचा, ‘‘अवमूल्यन झालंय बाबा.’’ शब्द कळत नव्हता, भाव कळत होता.

आता करमणुकीकडं वळू. त्या पानाचा हा सगळ्यांत रंगीत भाग.

जत्रा-उरूस आला की ओढ्याच्या कडेला तंबू टॉकीज लागायची. कनातीच्या एका अंगाला बाया, एका अंगाला पुरुष, मातीवर बसायचं, रीळ तुटलं की शिट्ट्या. हे सगळं होतं, आणि छान होतं. पण त्या पडद्यावर काय दिसत होतं याबद्दल आपण फारसं बोलत नाही. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला आणि पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यानंतर दहा-बारा वर्षं मराठी सिनेमाला गाव म्हणजे पाटलाचा वाडा, फेटा आणि फड एवढंच दिसू लागलं. ते सिनेमे मीही तंबूत डोळे फाडून बघितले. जयश्री गडकरांच्या चेहऱ्यावरनं नजर हलत नसे, लावणीला पैसे उडत. कारागिरीला मी नावं ठेवत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. १९६५ ते ६८ च्या दरम्यान आमच्या तंबूत जे तमाशापट लागले, त्यांतल्या एकाही गावात मला रेशनची रांग दिसली नाही. लेव्ही दिसली नाही, मिलोची भाकरी दिसली नाही. पडद्यावरच्या पाटलाच्या वाड्यात कणग्या कायम भरलेल्या. पडद्याखाली बसलेल्यांतले किती जण भाकरीच्या जागी शेंगा खाऊन आलेले असत ते मला ठाऊक आहे.

अपवाद होते. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’मध्ये (१९६५) एक लोहार जोडपं गाव सोडतं. भाता आणि ऐरण पडद्यावर आली. ‘आनंदघन’ या नावानं संगीत देणाऱ्या लता मंगेशकरांचं त्यातलं ऐरणीचं गाणं आमच्या लोहारआळीत देवाच्या गाण्यासारखं म्हटलं जायचं. हातानं काम करणारा माणूस गोष्टीच्या मधोमध उभा राहिला म्हणून तो सिनेमा माणसांना आपला वाटला. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा ‘पवनाकाठचा धोंडी’ १९६६ सालचा. त्यातही माती होती. पण असे सिनेमे बोटांवर मोजण्याइतके.

तमाशापटाबद्दल माझी मोठी तक्रार पुढं आहे. सिनेमानं तमाशातनं लावणी उचलली आणि बतावणी टाकून दिली. सोंगाड्या ठेवला, पण त्याची जीभ आखडून. खऱ्या तंबूच्या तमाशात गण-गवळण झाली की बतावणी आणि मग वग. विठाबाई नारायणगावकर, दत्तोबा तांबे, आमच्या सांगलीकडचे काळू-बाळू कवलापूरकर यांच्या फडांना गर्दी व्हायची ती निव्वळ नाचायला नाही. गवळणीत मावशी मथुरेच्या बाजाराला निघायची ती मधेच रेशनच्या दुकानापुढं अडकायची. राजाचा प्रधान तगाईचे पैसे खायचा. सरपंच, ग्रामसेवक, बी.डी.ओ. सगळे पुढच्या ओळीत बसलेले आणि त्यांच्या तोंडावर हे चाललेलं. हशा उठायचा तो आपल्याच दुःखाला नाव मिळाल्याचा. गावाचं खरं वर्तमानपत्र ते होतं. त्यात भाव येत, लाचलुचपत येई, लाल त्रिकोण आणि ‘दोन किंवा तीन पुरेत’ही येई.

ही बतावणी वाया गेली नाही म्हणा. वसंत सबनीसांनी ती ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये नेली, दादा कोंडक्यांनी ती पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत गाजवली. त्याच्याही आधी अण्णाभाऊ साठ्यांनी गण-गवळणीचा जुना साचा मोडून लोकनाट्यातनं कामगार बोलता केला होता. म्हणजे गावची जीभ शहरात गेली आणि गावाला परत आली ती नुसती लावणी. शहरातल्या वाचकांना हे कदाचित नवीन वाटेल, पण ज्या काळात गावात हसण्यातनं प्रश्न विचारले जात होते, त्या काळाचं चित्र आपण सिनेमावरनं काढलं आणि ते नुसतं नाचगाण्याचं निघालं.

बाईचं तर विचारूच नका. पडद्यावरची तमासगिरीण शेवटी कुणाच्या तरी कुळाची मुलगी निघायची आणि तिची सुटका व्हायची. हंसा वाडकर, ज्या ‘सांगत्ये ऐका’त होत्या, त्यांनी पुढं आपली हकिकत त्याच नावानं सांगितली. आधी ती ‘माणूस’मध्ये आली, मग १९७० साली पुस्तक झालं. ते पुस्तक गावात माझ्या हाती फार उशिरा लागलं. वाचताना पहिल्यांदा कळलं की सिनेमानं ऐकायला सांगितलेली गोष्ट निराळी होती आणि बाईला सांगायची होती ती निराळी. त्या काळच्या करमणुकीबद्दल लिहिणाऱ्यानं ही दोन ‘सांगत्ये ऐका’ शेजारीशेजारी ठेवावीत. शंभर लेखांचं काम होईल.

आता बातम्या. रेडिओ हा त्या पानावरचा देव. ग्रामपंचायतीचा रेडिओ, त्याचा कर्णा, संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बुधवारी रात्री सिलोनवरची बिनाका गीतमाला. ज्याच्या घरी ट्रान्झिस्टर त्याच्या ओट्यावर गर्दी. ट्रान्झिस्टर म्हणजे गड्याचे शंभर दिवस, शिवाय पोस्टात दरसाल लायसनचे पैसे भरायचे. म्हणून गावात तो शिक्षकाकडं, सोसायटीच्या सेक्रेटरीकडं आणि मुंबईहून आलेल्या गिरणीकामगाराकडं.

रेडिओनं केलेलं काम मोठं आहे, ते नाकारणं कृतघ्नपणा होईल. १९५६ साली पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग केला. नुसतं ऐकायचं नाही, ऐकून बोलायचं आणि बोलून करायचं, अशी त्याची कल्पना. ज्या गावात ती मंडळं टिकली तिथं खतं-बियाणांचं बोलणं पारावर आलं. आणि ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवा. कोयनेचा भूकंप. साडेचारच्या आत जमीन हलली, भांडी पडली, गोठ्यात जनावरं हंबरली. शंभर पावणेदोनशे माणसं कोयना खोऱ्यात गेली. आमच्याकडं उजाडायच्या आत ‘धरण फुटलं’ अशी आवई आली. सहा वर्षांमागं पानशेत फुटलेलं सगळ्यांच्या मनात ताजं. माणसं पोरंबाळं घेऊन माळाकडं निघाली. त्यांना माघारी आणलं ते रेडिओनं. धरण उभं आहे, हे रेडिओनं सांगितल्यावरच लोकांनी मानलं. त्या दिवशी त्या खोक्याचे उपकार झाले.

पण सगळ्या बातम्या सारख्या पोचत नव्हत्या. जुलै १९६९ चे चारच दिवस घ्या. शुक्रवारी १८ तारखेला मुंबईत अण्णाभाऊ साठे वारले. शनिवारी १९ तारखेला रात्री चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. सोमवारी २१ तारखेला सकाळी, आपल्या घड्याळानुसार साडेआठच्या सुमाराला, माणसानं चंद्रावर पाय ठेवला. आठवणींच्या पानावर यांतली तिसरी बातमी हमखास असते, दुसरी कधीमधी, पहिली नाही.

चंद्राची बातमी चावडीवर लगेच पोचली. म्हाताऱ्यांनी ती मानली नाही. एक जण म्हणाला, ‘‘आज आवस का पुनव ते तरी बघून गेला व्हय रं त्यो?’’ मास्तरांनी कंदील आणि लिंबू घेऊन ग्रहगोल समजावले. चार दिवस चर्चा पुरली. बँकेच्या बातमीवर मात्र कुणी फारसं बोललं नाही, कारण बँक कुणी आतून बघितली नव्हती. कर्ज म्हणजे सोसायटी किंवा सावकार. पुढं काही वर्षांनी बाजारगावाला बँकेची शाखा निघाली, विहिरीला इंजिन आलं, तेव्हा त्या शनिवार रात्रीचा अर्थ लागला. चंद्रावरच्या पावलानं आमच्या गावात काही बदललं नाही, बँकेच्या पाटीनं बरंच बदललं. तरी आठवण राहिली ती चंद्राची. बातमी मोठी कशी होते याचा हा नमुना आहे.

आणि अण्णाभाऊ? ते वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. आमच्यापासून काही फार लांब नाही. ‘फकिरा’ १९५९ सालची, राज्य सरकारचं बक्षीस मिळालेली. त्यांच्या ‘वैजयंता’वरचा सिनेमा आमच्या तंबूत लागून गेलेला. लोकांनी गोष्ट बघितली होती, लिहिणारा कोण ते ठाऊक नव्हतं. ते गेल्याची बातमी आमच्या चावडीवर आलीच नाही. ती तीन-चार दिवसांनी मुंबईहून आलेल्या एका गिरणीकामगारानं आणली आणि ती मातंग वस्तीत, तेव्हाच्या मांगवाड्यात, तोंडी पोचली. तिथं त्या संध्याकाळी हलगी वाजली नाही. गावातल्या बाकीच्यांनी एवढंच विचारलं, ‘‘आज तिकडं गप का हाय?’’

हे का झालं ते त्या रेडिओभोवतीच्या वर्तुळात आहे. चावडीच्या ओट्यावर कोण बसायचं, पायरीवर कोण, आणि खाली मातीत उभं राहून कोण ऐकायचं, हे ठरलेलं होतं. आवाज सगळ्यांच्या कानावर पडत होता, पण ‘अमुक स्टेशन लाव’ म्हणायचा आणि ऐकल्यावर मत सांगायचा हक्क ओट्याचा होता. बायका तर ओट्याच्याही पलीकडं, भिंतीआडनं ऐकणाऱ्या. माझ्या आईला अवमूल्यन, राष्ट्रीयीकरण, चंद्र, सगळं भाकऱ्या थापता थापता कळलं, तेही पुरुषांच्या बोलण्यातनं गळालेलं. तिला बाजारभाव मात्र कुणी सांगावे लागत नव्हते. तिच्या पदराच्या गाठीत ते बांधलेले असत. गावातल्या कुठल्याही पेपर वाचणाऱ्यापेक्षा देशाची परिस्थिती तिला आधी कळायची, कारण मिठाच्या पुडीचा आकार बदललेला तिच्या हाताला लागायचा.

तर मग त्या दिवसांत चांगलं काहीच नव्हतं का? होतं की. माणसाला माणसाची ऊठबस होती, एका घरात कालवण झालं की वाटी शेजारी जायची. पण तीही नीट बघा. वाटी जायची कारण सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी कालवण नसायचं. तिला नुसतं माणुसकी म्हणून ओवाळलं की टंचाईचं नाव पुसलं जातं, आणि नुसती टंचाई म्हटलं की देणाऱ्या हाताचा अपमान होतो. दोन्ही लिहायला हवं. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’त ते केलं, उद्धव शेळक्यांनी ‘धग’मध्ये केलं. त्यांची पुस्तकं या काळाच्या आधीची, पण कसं लिहावं ते त्यांनी दाखवून ठेवलं आहे. आठवणी लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनी तेवढा उंबरा तरी ओलांडावा.

हे सगळं सांगायचं कारण निव्वळ साहित्यिक नाही. ‘तेव्हा सगळं स्वस्त होतं आणि माणसं सुखी होती’ असं आपण पोरांना सांगतो, तेव्हा त्यातनं ते दोन गोष्टी शिकतात. एक, आजची महागाई हे काहीतरी अचानक आलेलं संकट आहे. आणि दुसरी, जुन्या व्यवस्थेत सगळ्यांचं बरं चाललं होतं, तिला हात लावायला नको होता. दुसरी शिकवण जास्त घातक. ज्या बाईनं सव्वा रुपायावर सहा माणसं जगवली, ज्या माणसानं चावडीखाली उभं राहून देशाची बातमी ऐकली, त्यांच्या नातवंडांना आपण आज सांगतो की तुमच्या आजा-आजीचे ते सोन्याचे दिवस होते. त्यांतलं कुणी जिवंत असेल आणि ऐकत असेल तर काय म्हणेल?

माझी मागणी छोटी आहे. भाव लिहा, जरूर लिहा. शेजारी रोजही लिहा. बाईचा वेगळा, गड्याचा वेगळा. वर्षातले किती दिवस काम मिळायचं ते लिहा. सिनेमाचं तिकीट लिहा आणि त्या रात्री घरी काय शिजलं होतं तेही लिहा. रेडिओवर काय लागलं ते सांगा, आणि कोण कुठं बसून ऐकत होतं ते सांगा. एवढं झालं की ते पान वाचून पोरगा ‘एवढं स्वस्त?’ असं विचारणार नाही. तो विचारेल, ‘‘मग तुम्ही भागवलंत कसं?’’ त्याचं उत्तर द्यायला आपल्यातली थोडीच माणसं उरली आहेत. त्यांनी लवकर लिहायला घ्यावं.